सर्जनशील व्यवसायांचे व्यवस्थापन : वेळ, किंमत, हक्क आणि संघटन

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ हे वर्ष ‘शाश्वत विकासासाठी सर्जनशील अर्थव्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय वर्ष’ म्हणून जाहीर केले होते. कल्पकता हे ज्या व्यवसायांचे प्रमुख भांडवल आहे, अशा सर्व व्यवसायांचा या संज्ञेत समावेश होतो. हातमाग, हस्तकला, चित्रकला, संगीत, चित्रपट, प्रकाशन, जाहिरात, वास्तुकला, वस्तू आरेखन, सचलचित्रण आणि संगणकीय खेळ ही त्यांची काही ठळक उदाहरणे होत. भारतासारख्या देशात या व्यवसायांचे महत्त्व दुहेरी आहे. एका बाजूला शेकडो वर्षांची कारागिरीची परंपरा आहे, तर दुसऱ्या बाजूला महानगरांत संगणकापुढे बसून काम करणारी नवी पिढी आहे. या दोन्ही गटांची कामे भिन्न असली तरी त्यांची आर्थिक अडचण मात्र आश्चर्यकारकरीत्या सारखी आहे. कौशल्य असते, मागणीही असते. परंतु उपजीविका स्थिर होत नाही.

चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात सुमारे ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार होते व त्यांत महिलांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. तिसऱ्या गणनेत (२००९-१०) हीच संख्या ४३ लाख ३१ हजार होती. चौथ्या गणनेतील सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी होते. ज्यांनी विणलेली वस्त्रे देशोदेशीच्या संग्रहालयांत मानाने ठेवली जातात, त्या समाजाची ही स्थिती आहे. केवळ कौशल्यवृद्धीने हा प्रश्न सुटत नाही, हे यावरून स्पष्ट होते. सर्जनशील व्यवसायाचे व्यवस्थापन ही स्वतंत्र विद्या असून तिचे स्वरूप समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

संकल्पनेचा विकास

उद्योजकतेचा नवनिर्मितीशी असलेला संबंध ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ जोसेफ शुंपीटर यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना घडवून आणणारा तो उद्योजक, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे पीटर ड्रकर यांनी ‘ज्ञानकर्मी’ ही संकल्पना रूढ केली. शारीरिक श्रमापेक्षा ज्ञानाच्या बळावर काम करणाऱ्या या वर्गाची उत्पादकता वाढवणे हे व्यवस्थापनापुढील मोठे आव्हान ठरेल, असे ते म्हणत. २००१ मध्ये ब्रिटिश लेखक जॉन हॉकिन्स यांच्या पुस्तकामुळे ‘सर्जनशील अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग जगभर प्रचारात आला.

भारतात या विचाराची सुरुवात त्याहून पूर्वीची आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन आरेखनकार चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ मध्ये एक अहवाल सादर केला. या अहवालात त्यांनी घरोघरी आढळणाऱ्या लोट्याचे उदाहरण घेऊन उत्तम आरेखनाचे निकष उलगडून दाखवले होते. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय आरेखन संस्था स्थापन झाली. २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय आरेखन धोरणास मान्यता दिली. युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात जयपूर आणि वाराणसी (२०१५), चेन्नई (२०१७), मुंबई व हैदराबाद (२०१९), श्रीनगर (२०२१), ग्वाल्हेर व कोळिकोड (२०२३) या शहरांचा समावेश झाला. संस्थात्मक पाया अशा रीतीने विस्तारत गेला. मात्र प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीच्या हाती काय पडते, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

उत्पादकतेचा पेच

कारखान्यात उत्पादकता म्हणजे एका तासात होणारे उत्पादन. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा हाच आधार होता. कामाचे लहान भाग पाडावेत, प्रत्येक भागास लागणारा वेळ मोजावा आणि अनावश्यक हालचाली टाळाव्यात, अशी ही पद्धत. सर्जनशील कामास ती जशीच्या तशी लागू पडत नाही. याचे कारण अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगीय कलांच्या अभ्यासातून स्पष्ट केले. चार वादकांची एखादी रचना वाजवण्यास दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ व जेवढी माणसे लागत, तेवढीच आजही लागतात. दरम्यानच्या काळात कारखान्यातील कामगाराची उत्पादकता अनेक पटींनी वाढलेली असते व त्यानुसार त्याचे वेतनही वाढते. वादकालाही त्याच बाजारात धान्य व घर घ्यायचे असल्याने त्याचे मानधन वाढवावे लागते. पण त्याचे ‘उत्पादन’ मात्र वाढत नाही. परिणामी कलेचा सापेक्ष खर्च सतत चढत राहतो. अर्थशास्त्रात यास ‘बॉमोलचा खर्चविकार’ असे म्हटले जाते.

हा विचार भारतीय हातमागास तंतोतंत लागू पडतो. गुजरातमधील पाटणचा पटोळा दुहेरी इकत पद्धतीने विणला जातो. ताणा व बाणा हे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच नक्षीनुसार बांधून रंगवावे लागतात. एका साडीस कित्येक महिने लागतात आणि या अवधीत फारशी काटछाट संभवत नाही. त्याच नक्षीची छापील साडी यंत्रावर अत्यल्प वेळात निघते. ‘अधिक वेगाने काम करा’ हा सल्ला पटोळा विणणाऱ्यास निरुपयोगी आहे. किंबहुना तो घातक आहे, कारण वेग वाढताच ज्या गुणासाठी ग्राहक पैसे देतो तो गुणच नाहीसा होतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. निर्मितीचा वेळ कमी करता येत नसेल, तर उत्पन्न वाढवण्याचे मार्ग अन्यत्र शोधावे लागतात. असे मार्ग प्रामुख्याने पाच आहेत : निर्मितीबाहेरील कामांतील वेळ वाचवणे, किंमत योग्य ठरवणे, देय रक्कम वेळेवर मिळवणे, निर्मितीवरील हक्क राखणे आणि संघटित होणे. सर्जनशील व्यवसायाचे व्यवस्थापन म्हणजे या पाच बाबींचे व्यवस्थापन होय.

वेळेचे नियोजन

वेळ हे सर्वांत दुर्मीळ साधन असून त्याचे नियोजन करण्यापूर्वी त्याची नोंद करावी, असे ड्रकर यांचे सांगणे होते. माणसाची स्मृती या बाबतीत भरवशाची नसते. दिवसभर आपण निर्मितीच करत होतो, असे वाटणाऱ्या व्यक्तीने दोन-तीन आठवडे प्रामाणिकपणे नोंद ठेवली, तर बराच वेळ पत्रव्यवहार, प्रवास, ग्राहकांशी बोलणी, बीजके तयार करणे आणि थकबाकीचा पाठपुरावा यांत गेल्याचे दिसते. यांतील बहुतेक कामे एकत्र करून ठरावीक दिवशी करता येतात, इतरांकडे सोपवता येतात किंवा तंत्रज्ञानाच्या साहाय्याने कमी करता येतात. निर्मितीसाठी मात्र सलग वेळ लागतो. चार तासांचा एक सलग अवधी आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे आठ तुकडे यांची बेरीज सारखी असली, तरी फळ सारखे नसते.

उत्पन्नाचे काम आणि मनाजोगते काम यांचा मेळ कसा घालावा, याचे एक भारतीय उदाहरण उल्लेखनीय आहे. ज्येष्ठ चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांच्या नेतृत्वाखाली १९६६ मध्ये चेन्नईजवळ इंजंबक्कम येथे ‘चोळमंडल कलाग्राम’ स्थापन झाले. केवळ चित्रे विकून जगणे त्या काळी अशक्यप्राय होते. म्हणून या कलावंतांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू तयार केल्या आणि त्यांच्या विक्रीतून जमीन घेऊन वसाहत उभारली. हस्तकलेने चरितार्थ चालावा आणि चित्र-शिल्पांसाठी वेळ व स्वातंत्र्य राहावे, ही त्यामागील भूमिका होती. नियमित उत्पन्न देणारे एक काम आणि जोखमीचे पण दीर्घकालीन मूल्याचे दुसरे काम, अशी ही विभागणी आजच्या स्वतंत्र व्यावसायिकासही उपयुक्त आहे.

किंमत ठरवण्याचे गणित

सर्जनशील व्यावसायिक आपल्या कामाची किंमत बहुधा कमी लावतात. विनय हे याचे एक कारण असेल. पण त्याहून मोठे कारण गणितातील चूक हे आहे. समजा, एका ग्राफिक आरेखनकाराच्या कुटुंबाचा मासिक खर्च ३०,००० रुपये आहे. जागेचे भाडे, वीज, संगणक, आज्ञावलीचे शुल्क इत्यादी व्यावसायिक खर्च १२,००० रुपये आहे. एकूण गरज ४२,००० रुपये झाली. महिन्याचे कामाचे दिवस २४ धरल्यास प्रतिदिन दर १,७५० रुपये येतो. परंतु या २४ दिवसांपैकी ग्राहकाकडून ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस समजा १४ आहेत. उर्वरित दहा दिवस नवे काम मिळवणे, हिशेब, शिक्षण व दुरुस्त्या यांत जातात. तर १,७५० रुपये दराने त्यास केवळ २४,५०० रुपये मिळतील आणि दरमहा १७,५०० रुपयांची तूट येईल. योग्य दर ४२,००० भागिले १४, म्हणजे ३,००० रुपये होतो. आजारपण, सुट्ट्या व भविष्यनिर्वाह यांची तरतूद यात अद्याप धरलेली नाही.

हीच चूक विणकर व कारागीर कुटुंबांत वेगळ्या स्वरूपात आढळते. सूत, रंग व मजुरी यांचा हिशेब होतो. पण कांड्या भरणाऱ्या, धागे बांधणाऱ्या किंवा काठाची जुळणी करणाऱ्या घरातील स्त्रियांचे व ज्येष्ठांचे श्रम किमतीत धरले जात नाहीत. माल विकला जातो, नफा झाल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात कुटुंबाचे श्रम विनामूल्य जातात. खर्चावर आधारित किंमत ही म्हणूनच किमान मर्यादा समजावी. तिच्या खाली जाऊ नये. वर किती जावे हे ग्राहकास मिळणाऱ्या मूल्यावर व हस्तांतरित होणाऱ्या हक्कांवर ठरवावे. एकाच छायाचित्राचा एका मासिकातील एकदाचा वापर आणि देशव्यापी जाहिरातीतील वर्षभराचा वापर यांची किंमत सारखी असू शकत नाही.

विलंबित देयके व कायदा

काम पूर्ण झाले, किंमतही मान्य झाली, तरी पैसे हाती येईपर्यंत अनेक महिने लोटतात. मोठ्या खरेदीदाराच्या दृष्टीने हा किरकोळ विलंब असतो. लहान पुरवठादाराचे मात्र खेळते भांडवल त्यात अडकते व तो सावकाराच्या दारी जातो. या समस्येची दखल घेऊन सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ मध्ये विशेष तरतुदी करण्यात आल्या. कलम १५ नुसार खरेदीदाराने लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम द्यावयाची असते आणि ही मुदत वस्तू वा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. करार नसल्यास १५ दिवसांची मुदत लागू होते. कलम १६ नुसार विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. उदाहरणार्थ, बँक दर ६ टक्के असेल तर व्याजदर १८ टक्के होईल आणि एक लाख रुपयांवर तीन महिन्यांच्या विलंबासाठी सुमारे ४,५६८ रुपये व्याज होईल.

तक्रार राज्यातील सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे करता येते. त्यासाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले. परिषदेच्या निर्णयास आव्हान देऊ इच्छिणाऱ्या खरेदीदारास निर्णयातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी न्यायालयात भरावी लागते. वित्त अधिनियम, २०२३ द्वारे आयकर कायद्यातही सुधारणा झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती अमलात आली. तिच्यानुसार सूक्ष्म व लघु उपक्रमांना विहित मुदतीत रक्कम न दिल्यास त्या खर्चाची वजावट खरेदीदारास प्रत्यक्ष देयकाच्या वर्षापर्यंत मिळत नाही.

येथे एक फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. विलंबित देयकांचे हे संरक्षण सूक्ष्म व लघु उपक्रमांना आहे. मध्यम उपक्रमांना व निव्वळ व्यापार करणाऱ्यांना नाही. त्यासाठी ‘उद्यम’ संकेतस्थळावर नोंदणी लागते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी निःशुल्क व स्वयंघोषणेवर आधारित असून सेवा देणारी एकटी व्यक्तीही आपल्या व्यवसायाची नोंद करू शकते. करार होण्यापूर्वीच नोंदणी केलेली असणे हिताचे ठरते. अर्थात, कायदा असला तरी पुढील काम हातचे जाईल या भीतीने अनेक पुरवठादार तक्रार करत नाहीत. काही खरेदीदार नोंदणीकृत लहान पुरवठादारांना टाळतील, अशी शंकाही २०२४ मध्ये व्यापारी वर्तुळात व्यक्त झाली होती. म्हणून कामाच्या टप्प्यांनुसार पैसे घेणे, प्रारंभी आगाऊ रक्कम मागणे आणि एकाच ग्राहकावर अवलंबून न राहणे, हे व्यवस्थापकीय उपाय कायद्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

प्रताधिकार : अदृश्य भांडवल

जमीन वा यंत्र गेले तर ते दिसते. हक्क गेला तर तो दिसत नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार कृतीच्या निर्मितीबरोबरच प्रताधिकार निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृती यांचा प्रताधिकार निर्मात्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. सामान्यतः निर्माता हाच पहिला मालक असतो. परंतु नोकरीच्या करारान्वये केलेल्या कृतीचा मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र, चित्र अथवा व्यक्तिचित्र यांचा मालकही, वेगळा करार नसल्यास, काम करवून घेणारा असतो. स्वतंत्र व्यावसायिकाने करारावर सही करण्यापूर्वी आपण यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, हे जाणून घेतले पाहिजे.

हक्काचे अभिहस्तांकन लेखी व स्वाक्षरित असावे लागते. त्यात कृती, हक्क, कालावधी, प्रदेश व मोबदला यांचा उल्लेख अपेक्षित आहे. कालावधी नमूद नसल्यास तो पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्याचा वापर केला नाही, तर करारात अन्यथा नमूद नसल्यास त्या हक्कांबाबतचे अभिहस्तांकन संपुष्टात येते. या तरतुदी निर्मात्याच्या संरक्षणासाठी आहेत. पण ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ अशा एका ओळीने त्यांतील बहुतेक लाभ गमावता येतात.

चित्रपटगीतांच्या बाबतीत हेच घडत होते. गीतकार व संगीतकार एकरकमी मोबदल्यावर सर्व हक्क देत असत आणि गाणी पुढे दशकानुदशके वाजत राहिली, तरी त्यांना काही मिळत नसे. ज्येष्ठ गीतकार व तत्कालीन राज्यसभा सदस्य जावेद अख्तर यांनी हा प्रश्न लावून धरला. २०१२ च्या सुधारणेनुसार चित्रपटात समाविष्ट साहित्य व संगीतकृतींच्या निर्मात्यांना, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरांच्या स्वामित्वधनात समान वाटा मिळण्याचा हक्क प्राप्त झाला. हा हक्क केवळ वारसांना वा प्रताधिकार संस्थेलाच देता येतो. निर्मात्याने स्वतः त्यावर पाणी सोडण्याचे ठरवले, तरी तसा करार ग्राह्य धरला जात नाही.

आर्थिक हक्कांव्यतिरिक्त कलम ५७ अन्वये निर्मात्यास विशेष हक्कही असतात. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी नवी दिल्लीतील विज्ञान भवनासाठी घडवलेले भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवण्यात आले व त्याची हानी झाली. या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कलाकृती विकली तरी तिच्याशी असलेले निर्मात्याचे नाते संपत नाही, हे तत्त्व या निकालाने दृढ केले.

आरेखन, भौगोलिक मानांकन आणि कोल्हापुरीचा धडा

प्रताधिकाराची एक मर्यादा कारागीर-उद्योजकांना ठाऊक असणे गरजेचे आहे. नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेल्या आरेखनाच्या औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक प्रती काढल्या गेल्या की त्यावरील प्रताधिकार संपतो. अशा आरेखनांचे संरक्षण आरेखन अधिनियम, २००० अन्वये नोंदणी करून मिळवावे लागते. ते प्रथम दहा वर्षे व नंतर आणखी पाच वर्षे मिळते. नाव व चिन्ह यांच्यासाठी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ आहे. त्याखालील नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकृत करता येते.

सामूहिक परंपरेसाठी मात्र भौगोलिक मानांकन हे साधन आहे. यासंबंधीचा १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला व दार्जिलिंग चहा हे त्याखालील पहिले मानांकन ठरले. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या आस्थापनेने मिलान येथे सादर केलेल्या पादत्राणांचे कोल्हापुरीशी असलेले साम्य लक्षात आले आणि देशभर टीका झाली. त्यानंतर या आस्थापनेने भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका मात्र जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत स्वामी नव्हते. हे स्वामित्व महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये या दोन्ही महामंडळांचा प्राडाशी सहकार्य करार झाला.

या घटनेचा धडा स्पष्ट आहे. मानांकन हे वाटाघाटीचे बळ देते. पण ते आपोआप पैसा देत नाही. मानांकन प्रामुख्याने नावाचे व उगमाचे रक्षण करते, केवळ शैलीचे अनुकरण रोखणे त्याद्वारे अवघड असते. शिवाय प्रत्येक कारागिरास ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती न केल्यास मानांकन प्रमाणपत्रात राहते आणि कारागीर दलालाच्या दरावरच माल देत राहतो.

शिक्षण आणि संघटन

कारागिरास ‘हात’ आणि आरेखनकारास ‘मेंदू’ समजण्याची प्रथा बाजारात रूढ झाली आहे. किमतीतील मोठा वाटा साहजिकच दुसऱ्याकडे जातो. कच्छमध्ये २००५ साली सुरू झालेल्या कला रक्षा विद्यालयाने ही विभागणी मोडण्याचा प्रयत्न केला. पारंपरिक विणकर, अजरख छपाई करणारे, बांधणीकार व भरतकाम करणाऱ्या स्त्रिया यांना येथे रंग, आरेखन, बाजारपेठ, संकल्पना व सादरीकरण हे विषय शिकवले गेले. अभ्यासक्रम वर्षभरात विखुरलेल्या दोन-दोन आठवड्यांच्या सत्रांत विभागलेला होता, जेणेकरून कारागिराचा चालू व्यवसाय बंद पडू नये. २०१४ मध्ये हेच कार्य सोमैया कला विद्या या संस्थेने पुढे नेले व व्यवसाय-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रमही सुरू केला. परंपरेचा वारस स्वतःच आरेखनकार व विक्रेता झाला की मूल्याचा मोठा भाग त्याच्याकडे राहतो, हे या प्रयोगाचे सूत्र आहे.

एकट्या कारागिराची सौदाशक्ती मर्यादित असते. अहमदाबाद येथे इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने असंघटित स्त्रियांचे सामूहिक बळ दाखवून दिले. २००३ पासून कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. दहा वा अधिक उत्पादक व्यक्ती एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात व व्यक्तिगत सदस्यांस, भागांची संख्या कितीही असली तरी, एकच मत असते. सहकाराचे तत्त्व आणि कंपनीची लवचिकता यांचा हा संगम आहे. २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘रंगसूत्र’ या उपक्रमात ग्रामीण कारागीर स्वतःच भागधारक आहेत. सामूहिक खरेदी, समान गुणवत्ता व मोठ्या मागण्या स्वीकारण्याची क्षमता हे संघटनाचे लाभ होत. व्यावसायिक व्यवस्थापकाचा अभाव आणि अंतर्गत मतभेद हे त्यातील धोके होत.

नव्या वाटा, नवी आव्हाने

केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेली पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी असून पाच वर्षांसाठी तिची तरतूद १३,००० कोटी रुपये आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के सवलतीच्या व्याजदराने दोन टप्प्यांत अनुक्रमे एक लाख व दोन लाख रुपयांचे विनातारण कर्ज तिच्यात समाविष्ट आहे. नव्या माध्यमांच्या क्षेत्रात सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने सचलचित्रण, दृश्यपरिणाम व संगणकीय खेळ यांसाठी राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रास मंजुरी दिली व त्यातून मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था आकारास आली.

निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अशा कामगारांची व्याख्या असून मंचचालक कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान देण्याची तरतूद आहे. आशय व माध्यम सेवा पुरवणारे मंचही संहितेच्या अनुसूचीत आहेत. दुसरीकडे, कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे चित्र, संगीत व मजकूर क्षणात तयार होऊ लागल्याने सामान्य दर्जाच्या कामाची किंमत घसरण्याचा धोका निर्माण झाला आहे. या प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या कृतींचा मोबदला निर्मात्यांना मिळावा, अशी अनिवार्य परवान्याची व्यवस्था उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यपत्रात सुचवली आहे.

समारोप

सर्जनशील व्यवसायात तासागणिक अधिक नग काढणे हे प्रगतीचे माप नव्हे. निर्मितीसाठी किती सलग वेळ उरला, किमतीत सर्वांचे श्रम धरले गेले का, पैसे मुदतीत मिळाले का, हक्क कोणाकडे राहिले आणि पाठीशी संघटन आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवर अशा व्यवसायाचे आरोग्य ठरते. यांतील काही उत्तरे शासनाच्या हाती आहेत. सुविधा परिषदांचे वेळेत निर्णय, अधिकृत वापरकर्त्यांची सुलभ नोंदणी आणि कला-शिक्षणात हिशेब व करार यांचा समावेश, ही धोरणाची तातडीची कामे होत. काही उत्तरे मात्र व्यावसायिकाच्याच हाती आहेत, आणि वहीत वेळ व खर्च यांची नोंद ठेवण्याइतकी ती साधी आहेत. दोन गणनांमधील दशकभरात आठ लाखांहून अधिक कामगार हातमागापासून दूर गेले. विणकाम येत नव्हते म्हणून ते गेले नाहीत. विणकामावर घर चालत नव्हते म्हणून गेले. पुढील गणनेत हा आकडा कोणत्या दिशेने जाईल, हे कौशल्यापेक्षा व्यवस्थापनावर अधिक अवलंबून राहील.